बापाच्या मागाचा खड्डा

आंधळगावजवळच्या आमच्या हातमाग कारखान्याचं कलाकेंद्र झालं, तेव्हा मला तिथं राखणदार म्हणून ठेवलं. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. पहिलं काम मिळालं ते मागांचे खड्डे बुजवायचं. आमचे माग जमिनीलगतचे. विणकर काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायचा. मी सगळे खड्डे मुरुमानं भरले, एक सोडून. त्यात माझा बाप जन्मभर पाय सोडून बसला होता. दर दसऱ्याला त्या काठावर नारळ फोडायचा. तिथं मुरूम लोटणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा माती देणं वाटलं, फावडं उचलेना. मी वर फळ्या टाकल्या, पातळ सिमेंट ओढलं आणि मोठा शहाणपणा केल्याच्या थाटात बिडी पेटवली.

दोन वर्षांनी तिथं मुलींचा नाच बसू लागला. माझी लेकही त्यात होती आणि तिची जागा नेमकी त्या फळ्यांवर. पहिल्याच आठवड्यात सिमेंटला भेग दिसली. सांगितलं तर नोकरी जाणार, म्हणून उद्या सांगू, उद्या सांगू करत महिना काढला. रोज सकाळी झाडताना टाचेनं ठोकून बघायचो. आवाज पोकळ यायचा. मग वर सतरंजी ओढायचो. भेकड माणसाला सतरंजी फार उपयोगी पडते.

कार्यक्रमाच्या दिवशी ढोलकी सुरू झाली. मुली उड्या मारत होत्या, मी फक्त लेकीच्या पायांकडे बघत होतो. एका उडीला सतरंजी तिच्याखाली बोटभर खचली. बाकी कुणाला दिसलं नाही. मी पाहुण्यांमधून धावत गेलो आणि तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. ढोलकी थांबली. लोकांना वाटलं, राखणदार पिऊन आलाय.

"इथं खड्डा हाये," मी म्हटलं. "म्याच ठेवला."

व्यवस्थापकांनी सतरंजी उचलून भेगेत काठी टोचली. काठी सरळ आत गेली. फळ्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. उद्यापासून येऊ नको, असं ते ओरडून सांगत होते आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. लेक धडधाकट उभी होती. तिचा दंड अजून माझ्या हातात होता.

"बाबा, तुमाले मालूम होतं," ती हळूच म्हणाली. "मंग महिनाभर काहून नाचू देलं मले?"

मी तिच्या आजोबांचं सांगायला तोंड उघडलं, तोवर तिनं दंड सोडवून घेतला होता.