ओली चादर

इटलीच्या किनाऱ्यावरची चार गावं आम्ही एका दिवसात ‘केली’. टूरवर गावं बघत नाहीत, करतात. तिसऱ्या गावात एका पिवळ्या घराच्या खिडकीत एक म्हातारी चादर वाळत घालत होती. आमच्या ग्रुपचे सगळे फोन एकदम वर गेले. तिने खाली पाहिलं, ओली चादर तशीच आत ओढली आणि खिडकीची हिरवी झडपं धाडकन लावून घेतली.

“काय तोरा बाईचा!” आमच्यातले एक काका म्हणाले. “आपल्यामुळेच तर यांची पोटं भरतात.”

हेच वाक्य मी गुहागरला, आमच्या अंगणात ऐकलं होतं. आई आमसुलं वाळत घालत होती आणि समुद्रावर आलेली माणसं तिचे फोटो काढायला सरळ कुंपणाचं बेडं उघडून आत शिरली होती. आई तोंडावर पदर ओढून घरात गेली, तेव्हा त्यांच्यातला एकजण अगदी हेच म्हणाला होता. त्या दिवशी मी त्यांना शिव्या घालून हाकललं होतं.

इथे मात्र मी फोन गुपचूप खिशात टाकला. त्यात म्हातारीचा फोटो होता. छान आला होता.