काकांच्या दोन ओळी

येशूच्या रंगावरून दुकानदाराशी भांडणारा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला आला. बनी पार्कातले काका, नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना काका म्हणतात; रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले नगरकडचे ख्रिस्ती गृहस्थ. याच शहरात, हिंदी मुलखात, राजा पार्कात माझं प्लास्टरच्या मूर्तींचं दुकान. फुटपाथवरून मी ते उभं केलंय, गिऱ्हाइकाचा शहाणपणा ऐकून घेत नाही. पण काका येशूची मूर्ती उचलून उन्हात धरायचे. "सुताराचा मुलगा हा. भर उन्हात रंधा मारून असा गुलाबी राहिला होय रे?" गोराच रंग खपतो, असं मी ओरडलो की ते शांतपणे पवित्र शास्त्रातला दाखला काढत आणि त्यावर स्वतः रचलेल्या ओव्या म्हणत. छावणीतल्या एक मराठी बाई मूर्ती घ्यायला आल्या आणि ओव्या लिहून घेऊन गेल्या.

एकदा चर्चमध्ये परदेशी पाहुणे आले. फोटोत गोरे चेहरे पुढं हवेत म्हणून कमिटीनं काळ्याकुळकुळीत काकांना नेहमीच्या पहिल्या बाकावरून उठवलं. काका मागल्या बाकावर जाऊन बसले. नाताळसाठी त्यांनी हिंदीत कविता लिहिली, आणि तीत या दोन ओळी होत्या, मराठीत सांगायच्या तर:

मरियेचं काळं बाळ आलं देवळाच्या पाशी,
गोऱ्या येशूच्या भक्तांनी धाडलं मागल्या दाराशी.

पादरीसाहेब भला माणूस, पण घाबरट. कविता वाचा म्हणाले, एवढ्या दोन ओळी गाळा. काका माझ्याकडं सल्ला विचारायला आले. कधी कुणाला न विचारणारा माणूस. माझा जन्म घासाघिशीत गेलेला. मी म्हणालो, "बाकीची कविता वाचू देतायत ना? मग दोन ओळी सोडा की, काका." त्यांनी कवितेचा कागद उलगडला. मग खिशातलं पेन काढून माझ्याच काउंटरवर त्यांनी त्या खोडल्या.

नाताळला मी मागच्या भिंतीशी उभा होतो. टाळ्या खूप पडल्या. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "क्या मीठी कविता है, चाचाजी." काका मान खाली घालून उभे. त्या अध्यक्षाशी मी आजवर बोललेलो नाही. स्वतःशी मात्र बोलावं लागतं.

काका अजून येतात, चहा घेतात, हवापाण्याचं बोलतात. त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिलेली नाही. परवा मीच डिवचलं, "काही म्हणा काका, येशू गोराच होता."

भांडणाची मी किती वाट पाहिली.

काकांनी चहा संपवला. "असेल बाबा," म्हणाले, आणि चपला घालून निघाले.