अकरा सावल्यांची भिंत

मुरोई कियोहारु जन्मात कधी विमानात बसला नाही, पण इसोना बेटाच्या विमानतळावर त्याने चोवीस वर्षं गवत कापलं. धावपट्टी आठशे मीटरची, दोन्ही टोकांना समुद्र. दिवसाला एकच विमान यायचं, नऊ माणसांचं. ते उतरायच्या आधी पट्टीवरची पाखरं हुसकायचं कामही त्याच्याकडेच. पुढे जलद बोट सुरू झाली, विमान बंद पडलं, विमानतळाला कुलूप लागलं. कियोहारु कागोशिमात आला आणि एका सुपरमार्केटच्या आवारात गाड्या लावून द्यायला लागला. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, बेटावर आता घरही उरलेलं नाही.

तिथल्या एका सोबत्याने त्याला हा नाद दाखवला. घरी बसून संगणकावर विमान चालवायचं. याला खेळ म्हटलेलं त्या लोकांना खपत नाही. जगातले सगळे विमानतळ त्यात असतात म्हणे. पण लहान असेल तर एक राखाडी पट्टी आणि शेजारी एक ठोकळा, झाला विमानतळ. मग ठिकठिकाणचे हौशी लोक आपल्या गावचा विमानतळ हुबेहूब बनवतात आणि ज्याला हवा त्याला फुकट देतात. कियोहारुने आधी इसोना शोधला. पट्टी सापडली, पण दोन्ही अंगांना गवताच्या जागी डांबर.

"डांबर?" रिकाम्या खोलीत तो मोठ्याने म्हणाला. "माझ्या गवतावर?"

बसला करायला. चार वर्षं गेली. गवतच त्याने तीन जातींचं केलं. आत प्रवाशांचं वजन करायचा काटासुद्धा ठेवला, कारण एवढ्याशा विमानात कोण कुठे बसणार ते वजनावर ठरायचं. एका रविवारी विमानतळ सगळ्यांसाठी खुला केला. महिन्याभरात त्रेचाळीस जणांनी तो आपापल्या संगणकावर उतरवून घेतला, आणि मग ओसाकाच्या एकाने लिहिलं, "समुद्राकडच्या भिंतीवर अकरा माणसं कोण उभी आहेत हो? भुतं का?"

कियोहारुने जाऊन पाहिलं आणि त्याचे कान तापले. पत्र्याची लांब भिंत. कुलूप लागायच्या आठवड्यात त्याने एकाच पत्र्याचा फोटो काढून ठेवला होता आणि तोच शेजारी शेजारी अकरा वेळा चिकटवला होता. फोटो काढताना ऊन पाठीवर होतं. पत्र्यावर कोपरं वर केलेली त्याचीच सावली पडलेली. चार वर्षांत शंभरदा त्या भिंतीवरून त्याची नजर फिरली असेल. आपलीच सावली, तिच्याकडे कोण बघतं?

लोकांना मात्र मजा आली. तीन आठवड्यांत बासष्ट जणांनी लिहिलं. कुणी विचारलं, यातला थोरला कुठला. कुणी मुद्दाम भिंतीसमोर विमान उभं करून फोटो टाकला, "अकरा भावांसोबत जेवणाची सुट्टी". कियोहारु प्रत्येकाला लिहायचा, "माफ करा, लवकरच दुरुस्त करतो."

सावलीवर शेजारचा तुकडा डकवला असता तर भागलं असतं. सगळे तेच करतात. पण सावलीखाली पत्र्यावर काय होतं, गंज होता की पोचा होता, हे त्याला आठवेना, आणि जे माहीत नाही ते लावायला हात धजेना. तेवढ्यात बातमी आली की विमानतळाची इमारत पाडणार आहेत. त्याने दोन दिवसांची रजा टाकली आणि बोट पकडली.

उतरला तो ओरिता मिचीच्या राहण्याजेवणाच्या खाणावळीत. विमान चालू होतं तेव्हा प्रवाशांना वजनाच्या काट्यावर चढवायची ती हीच.

"या, मुरोईसान! वाळलात की वो. पन्नास किलो तरी भराल का?"

"त्रेपन्न."

"मंजी पुढच्या रांगेत, डाव्या बाजूला," मिची म्हणाली आणि हसता हसता त्याची पिशवी उचलून आत गेली.

विमानतळावर पाडकामाचा मुकादम तामाकी म्हणाला, "दहा ते अकरा आत या. टोपी डोक्यावर पाहिजे. परवा मशीन लागणार, मग काय राहत नाही."

दहाला ऊन भिंतीवर लख्ख. कियोहारु तासभर आभाळाकडे बघत उभा राहिला आणि एकही फोटो न काढता परतला.

"ढग पाहिजे," जेवताना तो म्हणाला. "ऊन असलं की पुन्हा सावली."

"बेटावर येऊन ढग मागणारं गिऱ्हाईक पयलंच बघतेय."

दुसऱ्या दिवशीही तेच ऊन. सव्वादहा झाले. एवढ्यात फाटकातून मिची आली, काखेत गाद्यांच्या पांढऱ्या चादरी आणि खांद्यावर वाळत घालायचा बांबू.

"तामाकीसान, नुसतं बगता काय? धरा हे टोक!"

"मावशी, मला कामं आहेत."

"भिंत पाडायचीय न्हवं? मग पळतीय का कुठं ती?"

दोघांनी चादर उन्हाच्या आड धरली. पत्र्यावर मऊ, सारखा उजेड पडला. कियोहारुने फोटो काढला. दोन पावलं सरकायचं, पुन्हा चादर, पुन्हा फोटो. अकराही पत्रे वेगळे. ज्या पत्र्यावर त्याची सावली पडली होती त्यावर तो वाकला. गंज नाही, पोचा नाही. नुसता रंग.

"काय घावलं का?" मिचीने विचारलं.

"काहीच नाही."

"त्या संगणकात माणसं असतात का वो तुमच्या? विमानतळावर?"

"माणसं वेगळी बनवावी लागतात. मला जमत नाहीत."

मिचीने चादरीची घडी घातली.

पुढच्या रविवारी संगणकावर नवी भिंत लागली. खरी तोवर पडली होती. एकेक ओरखडा जागच्या जागी. कियोहारुने लिहिलं, "सावल्यांची चूक दुरुस्त केली आहे. गैरसोयीबद्दल माफी असावी." सोमवारी कामावरून येऊन पाहिलं, मंगळवारी पाहिलं. आठ जणांनी नवा विमानतळ उतरवून घेतला. लिहिलं कुणीच नाही. ओसाकावाल्यानेही नाही. हुबेहूब भिंतीबद्दल लिहिणार तरी काय?

गुरुवारी संध्याकाळी त्याने इसोनाला फोन लावला.

"मिचीसान, ते सामानाचं दार. त्याची कडी डावीकडे होती का उजवीकडे?"

"अवो, चोवीस वर्सं तुमीच उघडलंत ते!"

"हो. पण खात्री केलेली बरी."

पलीकडे जाळीवर मासा चुरचुरत होता.

"उजवीकडं," मिची म्हणाली. "आणि काय?"

कियोहारुने पडद्यावरच्या दाराकडे पाहिलं. कडी उजवीकडेच होती, पहिल्या दिवसापासून.

"पायरी," तो म्हणाला. "दारापुढची पायरी. एक होती का दोन?"

"थांबा, गॅस बारीक करून येते," मिची म्हणाली, आणि तो फोन कानाला धरून थांबला.