हरेल ती घरी

पी.टी. मास्तराच्या घरी कप असतील असं लोकांना वाटतं. कप शाळेच्या कपाटात आणि चावी हेडमास्तरांकडं! माझ्या वाट्याला आले ते किस्से. पूर्वी सांगताना मीच आधी हसायचो. आता नाही हसत. तरी ऐका.

दोन हजार सालाच्या आसपास मी मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत होतो. मुलं तिथंच राहायची, म्हणजे सरावाला कायम हाताशी.

*

हेडमास्तरांनी वेळापत्रक भिंतीला लावलं. पहाटे धावणे, मग कवायत, शाळा, कबड्डी, पुन्हा धावणे. रविवारी डबल! तपासणीला आलेल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"यात मुलं खेळतात कधी?"

"खेळायला वेळ कुठाय, साहेब! स्पर्धा तोंडावर आल्यात!"

*

आठवीतल्या काळूचं नाव मी पाच प्रकारांत घातलेलं. जव्हारच्या मैदानावर सकाळी लांब उडी, रिले, पंधराशे मीटर आणि दुपारी खो-खो. गडी चौकात बसल्या बसल्याच झोपला. मागून खो मिळाला तसा ताडकन उठून ओरडला, "हजर, सर!"

अख्खं मैदान हसलं. त्याचे पाय लटपटत होते, ते मला दिसत होतं. तरी मीही हसलो.

*

यमुना सातवीतली, सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. धावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुट्टीतल्या क्रीडा शिबिराच्या फॉर्मवर 'छंद' या रकान्यात तिनं लिहिलं, झोपणे.

"अगं ए, साहेब वाचतील ते! खोड आधी. धावणे लिही."

तिनं इतकं खोडलं की कागदाला भोक पडलं. म्हणाली, "सर, आता कुठं लिहू?"

*

तिचा बाप बाजाराच्या दिवशी खाली यायचा, फडक्यात नागलीची भाकरी बांधून. पोरगी कधी जव्हारला, कधी शिबिरात. आदल्या दिवाळीची सुट्टीसुद्धा शिबिरातच गेली, उन्हाळ्याचीही. तिला भाऊ झाला होता, सहा महिन्यांचा. तो तिनं अजून बघितलाच नव्हता.

तिसऱ्या खेपेला त्यानं भाकरी माझ्याच हातात ठेवली. "मास्तर, पोर आमचीच हाय ना अजून?"

"या दिवाळीला नक्की पाठवतो," मी म्हणालो. शप्पथ सांगतो, मनापासून म्हणालो होतो.

*

खो-खोच्या संघात आमची सोनी राखीव म्हणून गेली. आठ दिवसांनी परत आली.

"काय केलंस गं तिकडं?"

"सगळ्यांच्या चपला राखल्या, सर."

राखीव म्हणजे राखणारी, असंच तिला वाटलेलं! वर्गात कितीतरी दिवस तिला 'चपलावाली' म्हणायचे. यमुना तर हसून हसून लोळली होती.

*

आणि त्या वर्षीची जव्हारची आठशे मीटर. दिवाळीच्या तोंडावर. जिंकलेल्या तिघी थेट शिबिराला जाणार, सुट्टीभर. त्या सकाळीच नवं पत्र आलं, धावण्यातही यंदापासून चौथी राखीव, शिबिर तिलाही. पत्र मी खिशात घातलं. पोरींना सांगायचं राहून गेलं.

शर्यतीआधी नेहमीसारखा डाफरलो, "कुणी दम खाल्ला तर याद राखा! पहिल्या तिघी शिबिराला. हरेल ती सरळ घरी!"

यमुनानं हात वर केला. "खरंच, सर?"

"खरंच!" मी दरडावलं.

शेवटच्या वळणावर ती वीसेक पावलं पुढं होती. चुन्याच्या रेषेपाशी आली आणि अलीकडंच थांबली.

"पळ, यमे! पळ!"

एक पोरगी पुढं गेली. दुसरी गेली. ओरडून ओरडून माझा आवाज फुटला. तिसरी धापा टाकत गेली. यमुनानं बोटांवर मोजलं आणि सावकाश रेष ओलांडली.

तशीच माझ्याकडं पळत आली. दोन वर्षांत तिला एवढं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

"हरले, सर! सूर्यमाळची गाडी किती वाजता?"

माझा हात खिशातल्या पत्रावर गेला. मागून हेडमास्तर कागद घेऊन आले. "चौथी आपलीच ना? शाब्बास! राखीवात लिहा नाव. गाडी उद्या सकाळी, इथूनच."

यमुना माझ्याकडं वळली. मग हळूच म्हणाली, "सर, कुणाच्या चपला राखायच्या?"