खराब मिरचीचे बावीस शब्द

"हाई सगळ्या बाटल्या आजना आज काढी टाक, ताई."

नानाभाऊ निवडणीच्या खोलीच्या दारात उभे होते. आमचे मालक. नंदुरबारच्या बाहेर त्यांचा मिरचीचा कारखाना आहे. सुकी मिरची निवडायची, देठ खुडायचे, पोत्यात भरायची किंवा दळायची आणि बाहेरदेशी पाठवायची. मी तिथे क्वालिटी मॅनेजर. म्हणजे माल चांगला की वाईट, ते ठरवून कागदावर सही करणारी बाई.

"काबर?" मी विचारलं.

"काबर म्हणजे? परवा ऑडिटर ई ऱ्हायना. आपला मालमा काय काय खराब व्हस, ते आपणच मांडी ठेवानं का? झाकेल मूठ सव्वा लाखनी ऱ्हास."

"मूठ ऱ्हास, नानाभाऊ. झाकेल पोतं नही ऱ्हास."

एरवी ऑफिसात मी प्रमाण मराठी बोलते. राग आला की ती गळून पडते आणि गावच्या बोलीतली ब्राह्मणपुरीची पाटलीण बाहेर येते. त्या दिवशी मला भयंकर राग आला होता.

कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

त्याआधीच्या हंगामात एका परदेशी गिऱ्हाइकाची ईमेल आली होती. तक्रारीची. त्यात मालाचे पाच दोष लिहिले होते, पाच वेगवेगळ्या शब्दांत. आमच्या ऑफिसात त्यातला एकही शब्द कुणाला नीट कळला नाही. मी तेव्हा रजेवर होते. ऑफिसने काय करावं? सरळ उत्तर ठोकून दिलं, 'अवर चिली इज बेस्ट क्वालिटी. थँक यू फॉर युवर व्हॅल्युएबल फीडबॅक.' माणूस पोट दुखतंय म्हणतो आणि आपण त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो, तसला प्रकार. गिऱ्हाईक तापलं. पुढचा माल घेण्याआधी ऑडिट करणार, म्हणालं. ऑडिट म्हणजे त्यांचा माणूस येऊन कारखाना, माल आणि माणसं तपासणार. तो नाही म्हणाला की ऑर्डर गेली.

मी ती ईमेल छापून निवडणीच्या खोलीत नेली. तिथे तीसेक बाया असतात. बऱ्याचशा धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या. त्यांची प्रमुख रविता. दहावी शिकलेली, घरी पावरी बोलणारी, आधी चार वर्षं नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली. तिला लाईन सुपरवायझर करायचं नानाभाऊंनी कबूल केलं होतं. सुपरवायझर झाली की बाराही महिने काम मिळणार होतं आणि ऊसतोड कायमची सुटणार होती.

मी एकेक शब्द वाचला, अर्थ सांगितला. ब्लीच्ड म्हणजे उन्हाने रंग उडालेली. ब्रिटल म्हणजे हात लावताच चुरा होणारी. श्रिव्हल्ड म्हणजे आक्रसून सुरकुतलेली. मोल्डी म्हणजे बुरशी धरलेली. मस्टी म्हणजे कोंदट, ओल लागल्याचा वास येणारी.

रविता म्हणाली, "मॅडम, आम्हाला हे सगळं माहीत आहे. फक्त त्याचं असं नाव माहीत नव्हतं."

मग तिनेच विचारलं, "बुरशी दिसायच्या आधी वास येतो. तो मस्टी ना?"

"हो."

"म्हणजे मस्टी पहिला, मोल्डी नंतर. मस्टी पकडलं तर मोल्डी होणारच नाही."

अन्न तंत्रज्ञानाची पदवी घेतलेली मी तिच्याकडे बघतच राहिले. हे मला कॉलेजात कुणी एवढ्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती घरून काचेची एक रिकामी बाटली घेऊन आली. तिच्यात कोंदट वासाच्या चार मिरच्या घातल्या, झाकण लावलं आणि मला म्हणाली, "वर नाव लिहा. इंग्रजीत." मग रोजची एक बाटली सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत बाया डोळे मिटून बाटली हुंगायच्या आणि शब्द ओळखायच्या. कुणी चुकलं की हसून हसून लोळायच्या. कीड लागलेली, इन्फेस्टेड. दुसऱ्याच कशाचा तरी वास लागलेली, टेन्टेड. फक्त एक डाग असलेली, ब्लेमिश्ड. त्या तक्रारीच्या पलीकडचेही शब्द आम्ही शोधले. बावीस झाले. एकही वही नाही, पाठांतर नाही. इंग्रजी माध्यमाच्या पोरांनाही येत नाहीत असले शब्द या बाया देठ खुडता खुडता एकमेकींवर फेकायच्या.

आणि आता नानाभाऊ म्हणत होते, काढून टाक.

"मी नही काढस," मी म्हणाले.

"बरं, मंग दुसरं आयक. रविताले परत देठ खुडाले बसाड. लाईनवर मन्हा भाचा उभा ऱ्हाई. जितेश. त्याले फाडफाड इंग्रजी येस."

जितेश सुरतेहून आठवड्यापूर्वीच आला होता. पोरगा वाईट नव्हता. बोलणं गोड, शर्ट इस्त्रीचा. मिरची मात्र त्याने जेवणाच्या ताटाबाहेर कधी पाहिली नव्हती.

"तुम्ही रविताला शब्द दिला होता," मी म्हणाले.

"तिले इंग्रजी येस का?"

"येस."

नानाभाऊ हसले. ते हसणं मला फार लागलं. डोंगरातल्या बाईला इंग्रजी येतं हा त्यांच्या दृष्टीने विनोद होता. आमच्या सपाटीवरच्या लोकांना या हसण्याची इतकी सवय आहे की आपण हसतोय हेही कळत नाही. मीही पूर्वी हसले असेन.

मी टेबलावरचा ऑडिटचा फॉर्म उचलला. त्यावर क्वालिटी मॅनेजरची सही लागते, मालकाची चालत नाही. "बाटल्या हालन्या, नही ते रविता लाईनवरून हालनी, त मी सही नही करस."

"मंग तू घर जाय."

"जासू. पहिले ऑडिट व्हऊ द्या."

नानाभाऊ पाय आपटत गेले. बाटल्या जागेवर राहिल्या. लाईनवर रविताही राहिली आणि जितेशही. तडजोड म्हणतात ती हीच.

तिसऱ्या दिवशी ऑडिटर आले. पन्नाशीचे, शांत, दक्षिणेकडचे गृहस्थ. हिंदी जेमतेम. त्यांनी लाईनवरची मूठभर मिरची उचलली, एक रंग उडालेली निवडली आणि जितेशला इंग्रजीत विचारलं, याला काय म्हणाल?

"मायनर इश्यू, सर," जितेश म्हणाला.

त्यांनी चुरा होणारी दाखवली.

"मायनर इश्यू, सर. वी आर कमिटेड टू क्वालिटी."

मग कोपऱ्यातल्या एका पोत्यातली मिरची आणली. जितेशने तीही मायनर ठरवली. ऑडिटरनी पेनचं टोपण लावलं. आमच्या धंद्यात तपासनीस लिहायचं थांबला की समजावं, तो मनातून उठून गेला.

"सर, आस्क हर," मी म्हणाले आणि रविताकडे बोट दाखवलं.

रविताने पदर खोचला. पहिली मिरची घेतली. "धिस, ब्लीच्ड. टू मच सन. कलर प्रॉब्लेम, नॉट हेल्थ प्रॉब्लेम." दुसरी घेतली. "ब्रिटल. ओव्हरड्राय." तिसरी तिने नाकाशी धरली, तोडून आतून पाहिली आणि खाली ठेवली. "मस्टी. नॉट मोल्डी नाऊ. आफ्टर टेन डेज, मोल्डी. डोन्ट बाय."

नानाभाऊ माझ्या शेजारीच उभे होते. 'डोन्ट बाय' त्यांना चांगलंच कळलं.

ऑडिटरनी विचारलं, असा माल किती आहे?

"फोर सॅक्स. आय केप्ट सेपरेट." ती थांबली. मला वाटलं संपलं. तिने जितेशकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "सर सेड, मिक्स. आय डिड नॉट मिक्स."

खोलीत देठ खुडणारे सगळे हात थांबले. जितेशचे कान लाल झाले. ही चार पोती चांगल्या मालात मिसळायला त्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं, हे मलाही तेव्हाच कळलं. कोंदट मिरची चांगल्या ढिगात मिसळली की बोटीवरच्या उकाड्यात अख्खा लॉट सडतो. लॉट म्हणजे एकत्र पाठवायचा सगळा माल. म्हणजे ऑर्डर तर गेलीच असती, नावही गेलं असतं.

मला तिचा अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली. आता ही आणि मी, दोघी घरी जाणार.

ऑडिटरनी टोपण काढलं. पुढचा दीड तास त्यांनी रविताला सोडलं नाही. बाटल्या मांडलेल्या फळीसमोर उभं राहून बावीसच्या बावीस हुंगल्या. दोन शब्दांवर तिच्याशी वाद घातला. एक वाद ते हरले.

आठवड्याने रिपोर्ट आला. चार पोती नामंजूर, बाकी सगळा माल मंजूर. खाली एक अट होती. यापुढे प्रत्येक लॉटमधला खराब माल वेगळा काढण्याचा निर्णय रविताने घ्यावा आणि कागदावर तिचीच सही असावी. तिचं नाव पूर्ण लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट.

नानाभाऊंनी मला बोलावलं. "तुन्ही पोरमुळे मन्हा चार पोता गयात."

"बाकीना वाचनात ते दखा ना, नानाभाऊ."

त्यांनी रविताला सुपरवायझर केलं. उदार होऊन नव्हे, रिपोर्टमध्ये तिच्या सहीची अट होती म्हणून. माझी पगारवाढ त्या वर्षी राहिली. विचारलं तर म्हणाले, बघू. जितेश आता सुरतेला मोबाईल विकतो आणि चांगला विकतो, असं ऐकलं.

ओळखीतले पालक मला विचारतात, पोराचं इंग्रजी भारी करायचंय, रोज किती शब्द पाठ करून घेऊ? मी सांगते, पाठ काही करू नका. त्याच्या हातातल्या कामात काय काय बिघडू शकतं ते त्याला बघायला लावा आणि प्रत्येक बिघाडाचं नाव शिकवा. चांगल्या मालाला 'गुड' एवढा एक शब्द पुरतो. आणि नाव शिकवलंत, तर ते मालकासमोर मोठ्याने घ्यायलाही शिकवा. हे दुसरं जास्त अवघड आहे आणि त्याचा क्लास नंदुरबारात अजून कुणी काढलेला नाही.