जागचं हलायचं नाही

आईचं माहेर कोयना खोऱ्यातलं. तिथे जमीन हलण्याची कुणाला नवलाई नाही. फळीवरची भांडी वाजली की अंगणात पळायचं, हे ती चालायला लागली तेव्हापासून शिकलेली. घाटकोपरला आमच्या सातव्या मजल्यावर अंगण कुठलं? दुखऱ्या गुडघ्यांनी ही जिन्यात धावली तर भूकंप राहील बाजूला, जिनाच हिचा जीव घेईल, असं मी तिला कितीदा तरी सुनावलं होतं.

मी एका कंपनीत सुरक्षेचं काम बघतो. लोकांकडून आगीचे, भूकंपाचे सराव करून घेणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे घरीही मास्तरकी सुटत नाही. टेबलाखाली शिरणं आईला जमण्यातलं नव्हतं. म्हणून तिचा पलंग खिडकीपासून आणि पोटमाळ्याखालून काढून आतल्या भिंतीला लावला. हादरा बसला की पलंगावरच पुढे वाकून बसायचं, उशी डोक्यावर आणि मानेवर घट्ट धरायची, थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. पाच-सहा रविवार हे केलं. दर वेळी ती अर्ध्यातच उठून दाराकडे निघायची.

"अरे, वर छप्पर हलतंय आणि मी खाली बसून राहू? कायतरीच तुझं!"

मी चिडायचो. तिच्यावर आवाजही चढवायचो.

मग एका दुपारी, जेवणं आटोपल्यावर मी तिच्या पलंगाशेजारी खुर्चीत पेपर वाचत असताना खरोखरच हललं. पंखा झुलायला लागला, पोटमाळ्यावरची भांडी किणकिणली. फार तर दहा सेकंद.

त्यानंतरचं मला आठवतं ते थेट पाचव्या मजल्यावरचं. मी जिन्यात कठडा धरून उभा होतो आणि पायात चपला होत्या. त्या कधी घातल्या, देव जाणे. दारं उघडत होती, शेजारी एकमेकांना विचारत होते, "तुम्हाला पण जाणवलं ना?" हलणं केव्हाच थांबलं होतं. आई वर एकटी होती. लाजेने मान खाली घालून मी उलटा वर चढायला लागलो.

वर आलो तर दार सताड उघडं. आई पलंगावर वाकून बसलेली, उशी कानांपर्यंत ओढलेली, डोळे गच्च मिटलेले. अगदी शिकवलं होतं तसं. मी खुर्चीत बसलो आणि तिच्या खांद्याला हात लावला.

"आई, थांबलं."

तिने डोळे उघडून आधी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन घोट पाणी प्यायली आणि लगेच माहेरी आपल्या धाकट्या भावाला फोन लावला. मी दाराशी जाऊन चपला काढत होतो.

"अरे, इकडे पण हललं," ती त्याला सांगत होती. "नाही, पळाले नाही मी. उठावंसं लई वाटलं. पण म्हटलं, हा माझ्या शेजारी गप बसलाय, मग मी कशाला हलू?"