आत्याचे हात फ्रेममध्ये नव्हते

मी लातूरला लग्नांचं शूटिंग करतो. बावीस वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते धंद्याच्या सवयीनं झालं असं मी लई दिवस लोकांना सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे.

आमच्या धंद्यात एक गोष्ट हाताला लागून गेलेली असते. बिदाईला नवरी रडायला लागली की कॅमेरा आत घ्यायचा. ओठ थरथरला की अजून आत. पाणी गालावर उतरलं की तिथंच थांबायचं, श्वास पण जपून घ्यायचा. घरी बसून सीडी बघताना आया बरोबर त्याच जागेला पदर डोळ्याला लावतात आणि धाकटीचं लग्न पण मलाच देतात. ह्या कामात आपण पटाईत. उगंच न्हाई बोलत, कुणालाबी विचारा.

माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, जन्मापासून बहिरी. औशाला तिची पिठाची गिरणी आहे. मामा, म्हणजे तिचा नवरा, गेल्यावर ती एकटीच चालवते. गिरणी चालू असली की कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, गिऱ्हाईक सगळं बोटांनीच सांगतं, जाडं का बारीक, कधी न्यायला येऊ. त्यामुळं औशात तिला कुणी बिचारी म्हणत नाही. बिचारी आम्ही घरचे म्हणायचो.

आमचं तिच्याशी बोलणं म्हणजे जेवलीस का, चहा टाकू का, गाडी आली. घास दाखवायचा, कप दाखवायचा, झालं. तिला याच्यापेक्षा जास्त काही सांगायचं असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. आलं असेल तर मी ते बाजूला सारलं.

लातूर आणि नांदेडकडच्या बहिऱ्या लोकांचं एक छोटं मंडळ आहे. रविवारी सगळे लातुरात एका हॉलवर जमतात. त्यांच्यातले दोघं एक दिवस माझ्या स्टुडिओत आले. एक म्हातारे घड्याळं दुरुस्त करणारे आणि एक नांदेडची पोरगी, पॉलिटेक्निकला शिकणारी. दोघंही बहिरे. पोरीनं मोबाईलवर टाईप करून माझ्यापुढं धरलं. भोकरच्या रस्त्याला बहिऱ्या मुलांची एक वसतिगृहाची शाळा होती, आता बंद पडली. तिथं काय काय झालं ते कुठंच लिहून ठेवलेलं नाही. आम्हाला त्याची फिल्म करायची आहे. पहिल्या तुकडीतलं आता एकच माणूस जिवंत आहे, तुमची आत्या.

आत्या शाळेत गेली होती हे मला ठाऊक होतं. ती पहिल्या तुकडीतली होती, आणि त्या तुकडीतलं आता कुणी राहिलं नाही, हे मला ह्या परक्या पोरीकडून कळलं. तरी मी मान अशी हलवली, जसं काय मला सगळं माहीतच होतं.

शूटिंगला आम्ही त्या पडक्या शाळेत गेलो. सोबत एक मॅडम घेतल्या, विशेष शाळेतून रिटायर झालेल्या, त्यांना खुणांची भाषा येत होती. आत्या पायरीवर बसली. नवं लुगडं नेसून आली होती, केस चापूनचोपून बसवलेले. मी लांबची लेन्स लावली, मागचं सगळं धूसर केलं आणि तिचा चेहरा धरला. काय चेहरा! सुरकुत्या, त्यात सकाळचं ऊन. मी मनात म्हटलं, मर्दा, हेच आपलं बक्षीस.

ती बोलायला लागली. हातांनीच, दुसरं कशानं बोलणार! मला फ्रेममधी खाली काहीतरी हलताना दिसत होतं, बोटं मधीच वर यायची आणि हनुवटीला आडवी जायची. मला त्याचा त्रास होत होता. चेहरा झाकला जात होता ना. मी कॅमेरा थोडा वर घेतला. मग तिचे डोळे भरून आले आणि मी सवयीनं आत गेलो. अजून आत. पाणी गालावर आलं, मी थांबलो.

ती पाऊण तास बोलत होती. मॅडम अधूनमधून सांगत होत्या, "शाळेत शिस्त फार कडक होती म्हणतात. हातांनी बोललं की शिक्षा व्हायची."

मी विचारलं, "एवढंच?"

"साधारण तेवढंच. जुन्या आठवणींनी जरा भरून आलंय त्यांना."

मला तेवढंच पुरे होतं. खरं तर तेवढंही नसतं तरी चाललं असतं, कारण रडणं मिळालं होतं. परत येताना गाडीत मी खुशीत शीळ घालत होतो. आत्या शेजारी बसली होती. तिनं माझ्या दंडाला हात लावून काहीतरी विचारलं. मी अंगठा वर करून दाखवला, लई भारी झालं म्हणून. ती समाधानानं बाहेर बघत बसली. आज त्या अंगठ्याची आठवण झाली तरी कानशिलं तापतात.

फिल्म चाळीस मिनिटांची झाली. मॅडमचा आवाज, खाली बासरी. सुरुवातीला हातांचे शॉट पाहिजेत म्हणून मी मंडळातल्या दोन पोरींना उभं केलं होतं आणि खुणेनं सांगितलं होतं, हलवा हात, काहीबी करा. ते मी स्लो मोशनमधी टाकलं.

दाखवायला हॉलवर सगळी मंडळी जमली, नांदेडहून गाडी करून आलेली. आत्या पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. मी सिनेमावाल्यासारखा ऐटीत उठलो आणि लाईट बंद केले. झालं! सगळीकडं चुळबूळ सुरू. अंधारात त्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं? माझ्या लक्षातच आलं नाही. एकेकानं मोबाईलचा टॉर्च लावला आणि दुसऱ्याच्या हातावर धरला. मला वाटलं, काय बेशिस्त लोक आहेत. मी जाऊन साऊंड वाढवला. बहिऱ्यांच्या हॉलमधी साऊंड वाढवला! हे मी पहिल्यांदाच कबूल करतोय.

स्लो मोशनमधले हात आले तेव्हा माणसं एकमेकांना विचारत होती, हे काय म्हणतायत? त्या दोन पोरी तोंड लपवून बसल्या. मग आत्या आली, पडदाभर. नुसता चेहरा. मॅडमचा आवाज हॉलमधी घुमत होता आणि तो ऐकणारा मी एकटा होतो. पडद्यावर खाली बोलण्याच्या ओळी लिहून टाकायचं पण मला सुचलं नव्हतं.

ते घड्याळवाले म्हातारे उठले. पडद्यापाशी गेले. आत्याच्या हनुवटीच्या खाली, जिथं पडदा संपतो, तिथं त्यांनी तळहात धरला आणि माझ्याकडं वळून बघितलं. ही खूण कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. हात कुठायत?

कुणीतरी लाईट लावले. आत्या उठून माझ्यासमोर आली. तिनं स्वतःचे दोन्ही हात माझ्या तोंडापुढं धरले आणि मान हलवून विचारलं, कुठं? आणि मी, गाढव, तोंड मोठं करून ओरडलो, "चेहरा! चेहरा महत्त्वाचा असतो!" तिनं माझे ओठ वाचले असतील. ती वळली, पिशवी घेतली आणि औशाच्या गाडीला निघून गेली.

मला राग आला होता, तिचा पण आणि त्या लोकांचा पण. एवढं केलं तरी ह्यांचं समाधान न्हाई, असं घरी बोललो. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत बसून सगळं मूळ शूटिंग काढलं. वाटलं, कापताना गेले असतील हात, मूळ शॉटमधी सापडतील, नवी फिल्म करू, दाखवू ह्यांना. पाऊण तास बघितलं. परत बघितलं. हात कुठंच नव्हते. मधीच दोन बोटं यायची, कपाळाला लागायची आणि परत खाली गडप. मी तिचं बोलणं घेतलंच नव्हतं, रडणं घेतलं होतं. तेव्हा कुठं लाज वाटली, आणि वाटली ती अशी की शटर ओढून आत बसून राहिलो.

औशाला गेलो. गिरणी चालू होती. आत्यासमोर उभा राहिलो, खांद्यावर कॅमेरा घेतल्यासारखं केलं, परत एकदा, असं बोट दाखवलं. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की पुढं काय बोलणार? मी पिठात उभा राहून ती डोळे कधी उघडते बघत होतो. तिनं उघडले ते पाठमोरी झाल्यावर.

दोन आठवड्यांनी नांदेडच्या पोरीचा मेसेज आला. रविवारी आत्या परत सांगणार आहेत. शूटिंग आम्ही करणार. तुम्हाला यायचं तर या, तुमच्याकडचा लाईट घेऊन या.

म्हणजे मी लाईटवाला. गेलो, गुमान गेलो.

पोरीनं मोबाईल स्टँडवर लावला. डोक्याच्या वर थोडी जागा, खाली कमरेपर्यंत, दोन्ही बाजूंना हात पसरले तरी मावतील एवढं. मागं कोरी भिंत. आत्या गडद, बिनबुट्ट्यांचं लुगडं नेसली होती. हात उठून दिसावेत म्हणून. चमकतात म्हणून बांगड्या पण काढून ठेवल्या होत्या. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांना ते ठाऊकच होतं. विचारलं असतं तर मला पण सांगितलं असतं.

मॅडमना कुणी बोलावलं नव्हतं. आत्या बोलायला लागली आणि हॉल हसला. मी लाईट धरून बसलो होतो, मला काय कळणार! परत हसले. मी पण थोडा हसलो, लग्नात हसतो तसा. शेजारी बसलेल्या पोरीला माझी दया आली असावी. तिनं माझा मोबाईल मागून घेतला आणि मधून मधून टाईप करून दाखवायला लागली.

आत्यानं मिशीला पीळ दिल्यासारखं केलं. पोरीनं लिहिलं, हे त्या शाळेतल्या सरांचं नाव. आमच्यात माणसांची नावं अशी खुणेची असतात, आम्हीच ठेवतो. सर तोंडापुढं कागदाची पट्टी धरायचे आणि प म्हणायला लावायचे. फुंकेनं पट्टी हलली तर जेवण. हात हलले तर टॉवेलनं मागं बांधायचे.

मग आत्यानं कानामागं बोट वळवलं, वेणीसारखं. ते एका मुलीचं नाव होतं. हिमायतनगरची, आत्याची मैत्रीण. तिच्या पोटात दुखत होतं. हात बांधलेले. सर म्हणाले, काय होतंय ते तोंडानं सांग. तिला येत नव्हतं. आत्या सांगायला गेली तर आत्याचे पण बांधले. दुसऱ्या दिवशी बाप येऊन घेऊन गेला. ती परत आली नाही. वेणी हे नाव आता फक्त आत्यालाच माहीत होतं, आजपासून आम्हाला पण माहीत झालं, असं पोरीनं लिहिलं आणि स्वतःच डोळे पुसले.

गोष्टीच्या ह्याच जागेला तिचे डोळे भरले होते आणि मी तिथं शाळेच्या पायरीवर कॅमेरा आत घेतला होता. आत्या वेणी म्हणत होती आणि मी ती बोटं चेहऱ्याच्या आड येतात म्हणून फ्रेम वर सरकवत होतो.

मला वाटलं संपलं. आत्यानं पाणी पिलं, आणि मग कमरेशी दोन्ही मुठी नेऊन घसरलेली चड्डी वर ओढल्यासारखं केलं. सगळे हसले आणि माझ्याकडं बघायला लागले. मी पोरीकडं बघितलं. ती लिहायला तयार नव्हती. मी मोबाईलवर बोट ठेवलं, लिही बाई म्हणून. तिनं लिहिलं.

"हे तुमचं नाव. आत्यांनी ठेवलेलं. त्या म्हणतात, माझ्या लग्नाआधी घरात माझी भाषा एकट्या ह्यालाच येत होती. तोंडानं बोलायच्या आधी हा माझ्याशी हातानं बोलायचा. दिवसभर. मग शाळेत जायला लागला. एकदा मी डबा घेऊन शाळेत गेले तर मित्रांसमोर ह्यानं हात खिशात घातले. त्यानंतर बाहेर काढलेच नाहीत."

मी ते दोनदा वाचलं. मला ह्यातलं काही आठवत नाही असं म्हणणार होतो, तेवढ्यात डबा आठवला. पितळेचा होता, त्यात धपाटे होते, आणि पोरं हसत होती. आत्याच्या शाळेतल्या सरांना नावं ठेवायला मी कॅमेरा घेऊन भोकरपर्यंत गेलो होतो.

सगळ्यांसमोर उठलो. लाईट तसाच टाकून आत्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही कान धरले. दुसरं काही येतच नव्हतं मला. रडायला पण यायला लागलं. आत्या माझ्याकडं बघत नव्हती. ती माझ्या बाजूनं मान काढून पलीकडं बघत होती. पोरगी खुर्चीवरून अर्धी उठून मला हातानं सांगत होती, सरका, बाजूला सरका. मी स्टँडवरच्या मोबाईलच्या बरोबर पुढं उभा होतो, आणि आत्याचं बोलणं अजून संपलं नव्हतं.